पैसे माझे, नाव त्याचं: तोंडी विश्वासावर ठेवलेल्या जमिनीचा वाद कसा हाताळावा

"जमीन माझीच आहे, फक्त नाव त्याचं लावलंय." बोलणारा बहुतेक वेळा खरंच सांगत असतो. पण हे वाक्य जसंच्या तसं दाव्यात उतरवलं, तर दावा त्याच वाक्यावर बुडू शकतो. १९८८ च्या बेनामी कायद्याचं कलम ४ सांगतं की बेनामी, म्हणजे पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं अशी धरलेली मालमत्ता खऱ्या मालकाला दावा लावून परत मागता येणार नाही आणि तो हक्क बचाव म्हणूनही मांडता येणार नाही. म्हणून नोटीस धाडण्याआधी, पोलिसांत अर्ज देण्याआधी, भावकीची बैठक बोलावण्याआधी एक काम करायचं: आपला व्यवहार कायद्याच्या कोणत्या खणात बसतो ते ठरवायचं. पुरावा, मुदत, मागणी, तडजोड, सगळं त्यावरून ठरतं.

तोंडी ट्रस्ट का टिकत नाही

भारतीय न्यास अधिनियम, १८८२, कलम ५ प्रमाणे स्थावर मालमत्तेचा खासगी ट्रस्ट लेखी, सही केलेला आणि नोंदणीकृत दस्तानेच होतो, नाहीतर मृत्युपत्राने. "तू सांभाळ, नंतर माझ्या नावे करून दे" एवढ्या बोलण्याने ट्रस्ट जन्माला येत नाही. त्याच कलमात अपवाद आहे: या नियमाचा आधार घेऊन कोणी फसवणूकच तडीस नेत असेल, तर नियम लागू नाही. हा अपवाद वाचून लोक हुरळतात. पण नुसता शब्द फिरवला म्हणजे फसवणूक सिद्ध झाली असं होत नाही. सुरुवातीपासून हेतू वाईट होता, किंवा विश्वासाच्या नात्याचा फायदा घेऊन मिळकत लाटली, हे तारखांसकट दाखवावं लागतं.

स्टँप पेपरवर लिहून नोटरी केलेला कागद असेल तर? नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. त्या कागदाने मालकी येत नाही, पण समोरच्याची सही असेल तर कबुली म्हणून तो कामाला येऊ शकतो. मुद्रांक कमी असेल तर कमी पडलेलं शुल्क दंडासह भरल्याशिवाय कोर्ट तो पुराव्यात घेत नाही. शिवाय हा कागद दुधारी आहे. "खरे मालक अमुक, मी फक्त नावाचा" असं त्यात लिहिलेलं असेल, तर बेनामी व्यवहाराचा पुरावाही तोच.

खण ओळखा

बेनामीची व्याख्या २०१६ च्या दुरुस्तीने बदलली आणि ती १ नोव्हेंबर २०१६ पासून अमलात आली. पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचं आणि फायदा पैसे देणाऱ्याचा, की व्यवहार बेनामी. पण कलम २(९) मध्ये काही अपवाद आहेत, आणि बहुतेक लढाया तिथेच होतात.

सगळ्यात भक्कम खण एकत्र हिंदू कुटुंबाचा. कर्त्याच्या किंवा एखाद्या सदस्याच्या नावे जमीन आहे, ती कुटुंबाच्या फायद्यासाठी धरलेली आहे आणि पैसा कुटुंबाच्या ज्ञात उत्पन्नातून आला आहे, तर तो बेनामी व्यवहार नाही. इथे दावा "माझी जमीन परत द्या" असा लावायचाच नाही, तो वाटपाचा आणि स्वतंत्र ताब्याचा लावायचा. जुन्या सातबारावर नावापुढे "ए.कु.पु." किंवा "ए.कु.मॅ." असेल तर ते सोन्यासारखं. ते नाव एकत्र कुटुंबाचा पुढारी किंवा मॅनेजर म्हणून लागलं आहे, असा त्याचा अर्थ. संगणकीकरणात किंवा पुढच्या फेरफारात ही अक्षरं गळून गेलेली असतात, म्हणून आजचा उतारा पाहून निराश होऊ नका, हस्तलिखित उतारे काढा. मात्र कुटुंब एकत्र होतं म्हणून मिळकतही एकत्र, असं कोर्ट आपोआप धरत नाही. ती घेता येईल इतकं उत्पन्न देणारी वडिलोपार्जित मिळकत होती, हे आधी तुम्ही दाखवायचं, मग ओझं समोरच्यावर सरकतं.

पती किंवा पत्नी आणि मुलं यांच्या नावे स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून घेतलेली जमीन दुसऱ्या अपवादात बसते. भाऊ, बहीण, आई-वडील, नातवंडं यांनाही अपवाद आहे, पण एका अटीवर, आणि ती अटच लोकांना माहीत नसते: कोणत्या तरी दस्तात दोघांची नावं सहमालक म्हणून हवीत. मुंबईला नोकरी करणाऱ्याने गावच्या भावाला पैसे पाठवले आणि खरेदीखत एकट्या भावाच्या नावे झालं, तर या अपवादाचा उपयोग नाही. अशा माणसाने आधी पाहायचं की पैसा कुटुंबाच्या खात्यातला होता का. नसेल तर मग पुढचे खण.

विश्वासाश्रित नातं हा पुढचा. विश्वस्त, भागीदार, कंपनीचा संचालक, मृत्युपत्राचा व्यवस्थापक यांनी त्या नात्याने धरलेली मिळकत बेनामी नाही. जुन्या कायद्यात ही संज्ञा सैल होती आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भावंडांनी मिळून पैसे घातलेल्या, पण एकाच्याच नावे झालेल्या मिळकतीला तिचा लाभ दिला होता. २०१६ नंतरच्या व्यवहारात नुसतं "माझा त्याच्यावर विश्वास होता" हे पुरेसं धरून चालू नका. त्याचं पद किंवा जबाबदारी काय होती ते दाखवा.

पाचवा खण बऱ्याचदा सुटतो. तुम्ही "माझ्या नावे घे" म्हणून पैसे दिले आणि त्याने परस्पर स्वतःच्या नावे घेतली, असं झालं असेल तर त्याचं नाव लावायला तुमची संमतीच नव्हती. हा प्रतिनिधीने केलेला विश्वासभंग आहे, आणि न्यास अधिनियमाचं कलम ८८ अशा माणसाने मिळवलेला लाभ तुमच्यासाठी धरलेला मानतं. तुम्हाला खरेदी केव्हा कळली आणि कळल्यावर तुम्ही काय केलंत, यावर हा खण टिकतो. दहा वर्षं सातबारा पाहून गप्प बसलात तर संमती होती असंच दिसेल.

आणि शेवटचा, धोक्याचा. शेतकरी नसलेल्याने शेतकरी मित्राच्या नावे शेतजमीन घेतली. कूळकायदा, १९४८, कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि तो अडसर टाळण्यासाठीच हा घाट घातला असं तुम्ही स्वतः दाव्यात लिहिणार. बेकायदा हेतूसाठी केलेल्या व्यवहारात कोर्ट मदतीला येत नाही. त्याच कायद्याच्या कलम ८४क खाली चौकशी लागू शकते आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. वर बेनामीची शिक्षा आहेच: २०१६ नंतरच्या व्यवहाराला एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड. सीलिंग, म्हणजे जमीनधारणेची कमाल मर्यादा, चुकवायला दुसऱ्याच्या नावे ठेवलेल्या जमिनीचीही गत अशीच. या खणात असाल तर कुठेही एक ओळ लिहून देण्याआधी वकिलापुढे सगळं खरं मांडा. पोलिसांकडे रागाने दिलेला फसवणुकीचा अर्ज हाच पुढे तुमच्याविरुद्धचा कबुलीजबाब होतो.

पुरावा: खरेदीखत उलटसुलट वाचा

पैसे कोणी दिले यावरच सगळे अडून बसतात. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्या सहा कसोट्या सांगितल्या, त्यांत पैशाचा स्रोत ही फक्त एक आहे. उरलेल्या पाच: खरेदीनंतर ताबा कोणाकडे आणि कसा, दुसऱ्याचं नाव लावण्यामागचं कारण, दोघांचं नातं आणि ऐपत, मूळ दस्त कोणाच्या कपाटात, आणि खरेदीनंतर दोघे कसे वागले. सिद्ध करण्याचं ओझं बेनामी म्हणणाऱ्यावर असतं. खरेदीच्या काही रकमेचा चेक तुमचा होता, एवढ्यावर काम होत नाही. तो उसनवार किंवा मदत होती, असं समोरचा म्हणणारच.

आता खरेदीखत हातात घ्या. दुय्यम निबंधक कार्यालयातून सही-शिक्क्याची नक्कल काढा, सूची क्रमांक २ वर, म्हणजे दस्ताच्या गोषवाऱ्यावर, भागवू नका. भरण्याचा परिच्छेद बघा: रोख, चेक नंबर, बँक, शाखा, तारीख. मागच्या बाजूला मुद्रांक विक्रेत्याचा शेरा असतो, स्टँप कोणाच्या नावे आणि कोणाच्या हस्ते घेतला ते त्यात दिसतं. अलीकडच्या दस्तात ई-चलन जोडलेलं असतं, त्यावर पैसे भरणाऱ्याचं नाव असतं. साक्षीदार आणि ओळख पटवणारे कोण, तुमच्या बाजूचे की विक्रेत्याच्या गावचे, तेही पाहा. विक्रेता हयात असेल तर तो मोठा साक्षीदार आहे: सौदा कोणाशी ठरला, इसार कोणी दिला, पैसे कोणी मोजले हे तोच सांगू शकतो. त्याला लवकर भेटा, माणसं म्हातारी होतात.

मग ताब्याचे कागद. खरेदीपासून आजपर्यंतचे सगळे सातबारा काढा, त्यांतली पीकपाहणी बघा. शेतसाऱ्याच्या पावत्या, मोटारीचं वीजबिल, ऊस घातला असेल तर कारखान्याच्या पेमेंटची नोंद, विकास सोसायटीतलं पीककर्ज, विहीर-पाइपलाइनचा खर्च, पीकविमा. नाव त्याचं असल्याने कर्ज आणि अनुदानही त्याच्याच नावे निघालेलं असतं. मग हप्ते कोणाच्या खात्यातून गेले ते शोधा. बँका जुन्या नोंदी कायम ठेवत नाहीत, म्हणून खातेउताऱ्याचा अर्ज पहिल्या आठवड्यातच द्या. पैशाच्या बाजूने त्या वर्षाचं आयकर विवरण, पगारपत्रक किंवा विकलेल्या दुसऱ्या मिळकतीचा दस्त. "ज्ञात उत्पन्न" या दोन शब्दांचा अर्थ हेच कागद.

व्हॉट्सॲपवर "दादा, तुमची जमीन आहे, मी कुठे नाही म्हणतो" असा मेसेज असेल तर स्क्रीनशॉटवर विसंबू नका. संपूर्ण चॅट एक्सपोर्ट करा, मूळ फोन जपून ठेवा, फॉरमॅट करू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्याचे दोन भाग असतात: एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ओळखण्याचा आकडा, त्यात नोंदवायची.

नाव असलेला माणूस वारला की वाद पेटतो, कारण मुलांना बोलणं माहीत नसतं आणि वारस फेरफार पटकन होतो. त्याने हयातीत स्वतःच्या मालकीहक्काच्या विरुद्ध काही लिहिलं किंवा म्हटलं असेल, तर त्याच साक्ष अधिनियमाच्या कलम २६ खाली ते ग्राह्य ठरू शकतं. जुनी पत्रं, डायरी, हिशेबाची वही फेकू नका.

आधी विक्री थांबवा

पुरावा गोळा करताना समोरचा जमीन विकून मोकळा झाला तर दुखणं दुप्पट होतं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ४१ दिसणाऱ्या मालकाकडून चौकशी करून, प्रामाणिकपणे, मोबदला देऊन घेणाऱ्याला संरक्षण देतं. त्यावर तुमच्याकडे एक ढाल आहे: कलम ३ प्रमाणे जमिनीचा प्रत्यक्ष ताबा ज्याच्याकडे, त्याच्या हक्काची घेणाऱ्याला कल्पना होती असं धरलं जातं. म्हणून ताबा असेल तर तो सोडू नका, तिथे राहा, पेरा, बांध-कुंपण ठेवा, तारखेचे फोटो काढा. ताबा नसेल तर धक्काबुक्की करून घ्यायला जाऊ नका.

वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस उपयोगी पडते, कारण तिच्यानंतर घेणाऱ्याला "माहीत नव्हतं" म्हणणं जड जातं. पण ती तुमच्या सहीची कबुलीही आहे. तिच्यात "आमच्या अशिलाने त्यांच्या नावे घेतली" असं घाईत लिहू नका, "सदर मिळकतीत आमच्या अशिलाचा हक्क व हितसंबंध आहे" एवढंच पुरे.

दावा दाखल करताना त्याच दिवशी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्या. सोबत प्रलंबित दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. बृहन्मुंबईत ती नोंदवल्याशिवाय मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ चं, म्हणजे दावा चालू असताना झालेल्या विक्रीविरुद्धचं, संरक्षणच मिळत नाही. इतरत्रही नोंदवावी, कारण शोध घेणाऱ्या वकिलाला ती सापडते.

"आपली चावडी" पोर्टलवर गावाच्या फेरफार नोटिसा दिसतात, आठवड्यातून एकदा बघा. नोंदीची नोटीस लागल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. ती तक्रार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६अ मध्ये जाते. हातात नोंदणीकृत दस्त नसेल तर हरकत बहुधा फेटाळली जाईल, कारण महसूल अधिकारी मालकी ठरवत नाही, पण तुमच्या विरोधाची तारीख सरकारी कागदावर राहते. निकालाविरुद्ध प्रांताकडे अपिलाची मुदत ६० दिवस. याहून जास्त काळ महसुलात घालवू नका. फेरफाराने मालकी येत नाही आणि जातही नाही. सातबारावरची नोंद खरी धरायची ती उलट सिद्ध होईपर्यंतच. तहसील ते प्रांत ते जिल्हाधिकारी अशा फेऱ्यांत दिवाणी दाव्याची मुदत संपून गेलेली प्रकरणं थोडी नाहीत.

मुदत

मालकी जाहीर करून मागण्याच्या दाव्याला, मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ५८ प्रमाणे, दाव्याचा हक्क पहिल्यांदा निर्माण झाल्यापासून ३ वर्षं. दस्त रद्द करायला अनुच्छेद ५९, पुन्हा ३ वर्षं, वस्तुस्थिती कळल्यापासून. मालकीच्या आधारे ताबा मागायला १२ वर्षं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळल्यावर वाट्यासाठी १२ वर्षं, वगळल्याचं कळल्यापासून. "पहिल्यांदा" हा शब्द जीवघेणा आहे. भाऊ आज "जमीन माझी" म्हणाला, पण आठ वर्षांपूर्वी लग्नाच्या बैठकीतही हेच म्हणाला होता आणि ते तुम्हीच उलटतपासणीत सांगितलंत, तर तीन वर्षं तेव्हाच संपली. म्हणून नकाराचे सगळे प्रसंग तारखांसकट आधीच वकिलाला सांगा, सोयीची एकच तारीख नको.

दावा लिहिताना

विश्वासभंग, फसवणूक, दबाव असं काही म्हणायचं असेल तर आदेश ६ नियम ४ प्रमाणे तपशील द्यावाच लागतो. "प्रतिवादीने वादीचा विश्वासघात केला" ही ओळ काहीच सांगत नाही. गट नंबर, क्षेत्र, सौद्याची तारीख आणि जागा, हजर माणसं, प्रत्येक हप्त्याची रक्कम आणि मार्ग, दुसऱ्याचं नाव लावण्याचं खरं आणि कायदेशीर कारण, ताबा कधीपासून, पहिला नकार कधी, हे परिच्छेदवार हवं. फक्त जाहीर करून मागू नका. ताबा नसेल तर ताबा, दस्त झाला असेल तर तो रद्द करणं, हेही मागा. पुढची मागणी करता येत असताना ती न केल्यास विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३४ खाली मालकी जाहीर करून देणंही नाकारलं जातं.

"मी मालक आहे, आणि नसेन तर बारा वर्षांच्या ताब्याने झालो" असं एकाच दाव्यात जोडण्याचा मोह होतो. विरुद्ध ताबा म्हणजे समोरचा मालक हे मान्य करणं, आणि दोन्ही म्हणणी एकमेकींना खातात. एक निवडा. रक्कम परत मिळण्याची पर्यायी मागणी मात्र तपासून घ्या. तिची मुदत वेगळी मोजली जाते आणि ती आधीच संपलेली असू शकते.

प्रतिवादी पहिल्याच तारखांना आदेश ७ नियम ११ खाली "दावा बेनामी कायद्याने बाधित" असा अर्ज देतो. व्यवहार अपवादात बसतो की नाही हा पुराव्याचा प्रश्न असल्याने दावा उंबरठ्यावर फेटाळू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं आहे. पण त्याचा आधार मिळायला अपवादाची वस्तुस्थिती दाव्यातच मांडलेली हवी. "कुटुंबाच्या उत्पन्नातून" हे शब्द, त्या उत्पन्नाच्या तपशिलासह, पहिल्या दिवशीच लिहा.

तडजोड

समोरचा तयार झाला की सगळे म्हणतात, "मग खरेदीखत करून परत घे." थांबा. बेनामी कायद्याच्या कलम ६ प्रमाणे बेनामीदाराने खऱ्या मालकाला केलेलं परत हस्तांतरण शून्य आहे. व्यवहार अपवादात बसत असेल तरच हा रस्ता मोकळा, आणि तसं असेल तर अपवादाची वस्तुस्थिती दस्ताच्या पार्श्वभूमीत लिहून घ्या.

कुटुंबात याहून बरी वाट आहे. ज्यांचा मिळकतीवर आधीपासून काही हक्क किंवा दावा आहे, त्यांच्यातली तोंडी कौटुंबिक व्यवस्था कायदा मानतो, आणि आधी झालेल्या व्यवस्थेची नुसती आठवण म्हणून लिहिलेला कागद नोंदवावा लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये स्पष्ट केलं. फरक क्रियापदाचा आहे. "दिनांक अमुक रोजी सर्वांच्या समक्ष वाटणी झाली असून प्रत्येकजण आपापल्या हिश्शाच्या ताब्यात आहे" ही आठवण. "या लेखाने उत्तरेकडील एक एकर अमुक यांस देत आहोत" हा हक्क देणारा दस्त, तो नोंदवलाच पाहिजे, नाहीतर हक्काचा पुरावा म्हणून तो चालणार नाही. कागदाची तारीख आणि त्यातल्या बैठकीची तारीख एकच असेल तर कोर्टाच्या भुवया वर जातात. झालेली नसलेली वाटणी मागच्या तारखेने झाली म्हणून लिहू नका, उलटतपासणीत ती दहा मिनिटं टिकत नाही.

दावा चालू असेल तर आदेश २३ नियम ३ खाली तडजोड हुकूमनामा घ्या. तो फक्त दाव्यातल्या मिळकतीपुरता नोंदणीतून सुटतो. तडजोडीत शेजारचा गट घुसवला तर त्या भागाला नोंदणी लागते. हुकूमनाम्याची नक्कल घेऊन लगेच फेरफाराचा अर्ज द्या, अपिलाची मुदत संपण्याची वाट पाहत कपाटात ठेवू नका.

देवळाला, शाळेला तोंडी दिलेली जमीन हे प्रकरण वेगळं आहे. सार्वजनिक न्यासाला वरचं कलम ५ लागत नाही आणि हिंदू धार्मिक दानाला लेख असलाच पाहिजे असं नाही. तिथे न्यास आहे का आणि मिळकत त्याची आहे का, याची चौकशी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम १९ खाली सहायक किंवा उप धर्मादाय आयुक्त करतात. दिवाणी कोर्टात थेट गेलात तर आधी अधिकारकक्षेचाच मुद्दा निघतो. न्यासाची नोंद झालेली असेल तर परिशिष्ट एकची नक्कल काढून त्यात गट नंबर आहे का ते पाहा. नसेल तर कलम २२ खाली बदल अर्ज विश्वस्तांनी द्यायचा असतो.